जपानमध्ये इंग्रजी शिकवायचं आणि चवथीला सावंतवाडी गाठायची: आमच्या ताईचं प्रकरण

जपानमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते का असं विचारणारे बरेच जण भेटतात, पण आमच्या ताईचा प्रश्न थोडा वेगळा होता. तिला नोकरी अशी हवी होती की उन्हाळ्यात सलग मोठी सुट्टी मिळेल, मुलगा घरी असताना तिला घरी राहता येईल, आणि गणपतीत सावंतवाडीला जाता येईल. यातली शेवटची अट ऐकून लोक हसायचे, मला मात्र तीच सगळ्यात खरी वाटायची, कारण मावशी, म्हणजे ताईची आई, एकटी असते आणि घरचा गणपती बसवायला दुसरं कोणी नाही. ताईची परवानगी घेऊनच हे लिहितोय, नावं मुद्दाम टाकलेली नाहीत.

ताई ऑक्टोबर २०२२ मध्ये भावोजींबरोबर टोकियोला आली, निशी-कासाईला, म्हणजे आपली बरीच आयटीवाली मंडळी राहतात त्या भागात. व्हिसा डिपेंडंट, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा. दहावीपर्यंत सावंतवाडीत मराठी माध्यम, मग पुण्यात बीए आणि एमए इंग्लिश, सेट पास, आणि पुण्याच्या एका कॉलेजात सहा वर्षं शिकवलेलं. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, पुढच्या एप्रिलला जवळच्या सरकारी जपानी शाळेत पहिलीत जाणार. डिपेंडंटवर काम करायचं तर इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढावी लागते, ती झायऱ्यू कार्डच्या, म्हणजे परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्राच्या, मागच्या बाजूला छापून येते आणि आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते. विद्यार्थ्यांना मोठ्या सुट्टीत ती मर्यादा वाढवून मिळते, डिपेंडंटला नाही, वर्षभर २८ म्हणजे २८. हा २८ चा आकडा पुढे बऱ्याच ठिकाणी आडवा येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पहिलं काम मिळालं ते एइकाइवात, म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या खाजगी क्लासमध्ये. लहान मुलांचा वर्ग, संध्याकाळी चार ते आठ आणि शनिवारी पूर्ण दिवस, पैसे तासावर. काम मिळायला सोपं म्हणूनच बहुतेक जण इथून सुरुवात करतात. पण सुट्टीचा विचार केला तर हे सगळ्यात वाईट, कारण क्लासचा धंदाच शाळा सुटल्यावरचा, त्यामुळे शाळेला सुट्टी लागली की क्लासचा सीझन सुरू. २० जुलैच्या आसपास मुलाची शाळा बंद झाली, तो हातात सकाळी फुलणाऱ्या निळ्या फुलांच्या वेलाची कुंडी घेऊन घरी आला (पहिलीतल्या पोरांना तो वेल सुट्टीत सांभाळायला देतात), आणि त्याच आठवड्यात ताईचा समर कोर्स सुरू झाला, दुपारपासूनच. ऑगस्टच्या मध्यात ओबोनचा, म्हणजे पूर्वजांच्या सणाचा, एक आठवडा क्लास बंद होता तेवढीच काय ती सुट्टी, तीही बिनपगारी, आणि त्या आठवड्यात सगळा जपान प्रवासाला निघतो त्यामुळे मुंबईचं तिकीट बघून दोघांनी लॅपटॉप बंदच केला. २०२३ ला गणपती १९ सप्टेंबरला होते. मावशीने व्हिडिओ कॉलवर माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळापानांची चौकट) दाखवली, शेजारच्या मुलांनी बांधून दिली होती, आणि एकच वाक्य विचारलं, "फुडल्या वर्सा तरी चवथीक येतलंस मगे?" ताई हो म्हणाली आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "अरे, मी क्लास सोडतेय, आता शाळेत बघूया."

इथे मीपण चुकलो. मला वाटलं शाळा म्हणजे सुट्टी, सरळ हिशोब आहे. जपानी शाळांचं वर्ष एप्रिल ते मार्च, तीन टर्म, उन्हाळ्याची सुट्टी साधारण २० जुलै ते ३१ ऑगस्ट, म्हणजे जवळजवळ सहा आठवडे (होक्काइदोला ही कमी असते आणि हिवाळ्याची जास्त, ते तिथल्या बर्फामुळे). मग शाळेतल्या सहाय्यक इंग्रजी शिक्षकाला, ज्याला इथे सगळे एएलटी म्हणतात, सहा आठवडे मिळणारच ना? पण एएलटी तीन प्रकारे नेमले जातात आणि तिन्हीत त्या सहा आठवड्यांचा अर्थ वेगळा.

एक म्हणजे जेट प्रोग्राम, १९८७ पासून चाललेला सरकारी कार्यक्रम. पगार चांगला आणि वर्षभर, पण अर्ज आपल्या देशातून करावा लागतो, आणि शाळा बंद असली तरी कामाचे दिवस चालूच, म्हणजे रिकाम्या स्टाफरूममध्ये येऊन बसायचं नाहीतर आपली भरपगारी रजा, नेनक्यू, वापरायची. दुसरा म्हणजे नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाने थेट नेमलेला, त्यालाही बहुतेक असंच. तिसरा हाकेन कंपनीमार्फत, म्हणजे कंपनी तुम्हाला शाळेत पाठवणार. इथे ऑगस्टमध्ये खरंच मोकळं असतं पण तसा पगारही नसतो किंवा कापून येतो, आणि नुसता ऑगस्टच नाही, जुलै, डिसेंबर, मार्च, एप्रिल सगळ्यांनाच कात्री. म्हणजे पगार चालू तर सुट्टी आपली नाही, आणि सुट्टी आपली तर पगार बंद.

ताई म्हणाली पगार बंद चालेल, सुट्टी दे. मग हाकेन कंपन्यांना अर्ज केले. पूर्णवेळ नोकरीत बऱ्याच ठिकाणी आठवड्याला साडेएकोणतीस तास लिहिलेले असायचे, कारण तेवढ्यावर कंपनीला शाकाइ होकेनमध्ये, म्हणजे सामाजिक विम्यात माणूस घ्यावा लागत नाही असं कंपन्या धरून चालायच्या. आता साडेएकोणतीस म्हणजे ताईच्या २८ पेक्षा दीड तास जास्त! त्या दीड तासासाठी व्हिसा बदलायचा, आणि शाळेत शिकवायचा व्हिसा असतो तो इन्स्ट्रक्टरचा. त्यात नियम असा की जी परदेशी भाषा शिकवणार त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे. अकरावी-बारावी दोन, बीए तीन, एमए दोन, ओढूनताणून सात वर्षं होतात. ताईच्या मैत्रिणीचं इंग्लिश मीडियम होतं, तिने शाळेचं बोनाफाईड आणि मार्कशीटं लावली आणि तिचं झालं, आणि ही एमए इंग्लिश, सेट पास, हिचं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मराठी शाळेतून शिकून इंग्रजीची प्राध्यापक झालेल्या बाईला इंग्रजी येतं की नाही हे तिच्या पाचवीच्या वर्गातल्या भाषेवरून ठरावं हे मला आजही पटत नाही. पण नियम आहे तो आहे, आणि मराठी किंवा सेमी-इंग्लिशमधून शिकलेल्या कोणीही जपानच्या शाळांकडे बघताना हे आधी तपासा, अर्ज-इंटरव्ह्यूत चार महिने घालवल्यावर नको.

(एइकाइवाचा व्हिसा वेगळा असतो, त्यात भाषा शिकवायला पदवी पुरते, हा १२ वर्षांचा नियम तिथे नाही. म्हणून बरेच भारतीय तिकडे दिसतात.)

शेवटी एका कंपनीने आठवड्यातून तीन दिवसांचं काम दिलं, ते २८ तासांत बसत होतं, डिपेंडंटवरच. एप्रिल २०२४ पासून, दिवसाला ११,००० येन, सकाळी सव्वाआठ ते सव्वाचार, प्राथमिक शाळा. शाळेतलं काम तिला आवडलं, पोरं आवडली, जेवणाच्या सुट्टीत वर्गात बसून त्यांच्याबरोबर जेवायची ते आवडलं. आणि २० जुलैच्या आसपास सुट्टी लागली, सहा आठवडे, मुलाची आणि आईची एकाच दिवशी. दोघं सावंतवाडीला गेली. सगळं जमलं असं वाटत असतानाच कॅलेंडर आडवं आलं. २०२४ ची चतुर्थी ७ सप्टेंबरची, शाळा सुरू २ सप्टेंबर, सोमवारी. ताई २८ ऑगस्टला परत निघाली तेव्हा मावशीने पाट धुवून पडवीत उन्हात ठेवला होता, चित्रशाळेत मूर्ती रंगून तयार होती, आणि ही दहा दिवस आधी बॅग भरत होती. पाच आठवडे आईकडे राहून नेमक्या ज्या दिवसासाठी सगळं केलं तोच हातातून गेला.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की 'लांब सुट्टी' हा शब्दच आम्ही धड वापरत नव्हतो. सुट्टी किती आठवडे आहे हे बघत होतो, ती कधी संपते हे बघत नव्हतो. गणपती साधारण २२ ऑगस्ट ते २० सप्टेंबर या काळात कधीही येतात. शाळेची सुट्टी ३१ ऑगस्टला संपते, म्हणजे बहुतेक वर्षं चुकणार. इंटरनॅशनल स्कूलची सुट्टी त्याहून लांब, जूनच्या मध्यापासून, पण ती ऑगस्टमध्येच संपते म्हणून तीही उपयोगाची नाही, शिवाय तिथे बीएड आणि शाळेतला अनुभव मागतात, ताईकडे बीएड नाही. मग उरलं काय? विद्यापीठ. पहिली सेमिस्टर एप्रिल ते जुलैअखेर, ऑगस्टच्या सुरुवातीला मार्क भरून द्यायचे, आणि दुसरी सेमिस्टर सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. अख्खा गणपतीचा काळ त्यात बसतो. वर फेब्रुवारी-मार्चची वेगळी सुट्टी.

ताई म्हणाली, "विद्यापीठात मला कोण घेणार, इथे सगळ्यांना टेसॉल आणि तीन-तीन पेपर लागतात." ते खरंच होतं (टेसॉल म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण). पूर्णवेळ जागांना एमए, तीही टेसॉल किंवा उपयोजित भाषाशास्त्रातली, छापलेले पेपर, बऱ्याच ठिकाणी जपानी, आणि मिळाली तरी बहुतेक तीन ते पाच वर्षांचं कंत्राट. त्यात मीटिंगा, प्रवेश परीक्षेची ड्युटी, उन्हाळ्यात ओपन कॅम्पस (प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांना विद्यापीठ दाखवायचे दिवस), म्हणजे सुट्टी तिथेही कुरतडलेली. पण हिजोकिन नावाचा प्रकार असतो, आपल्याकडचे सीएचबी म्हणा ना, तासिका तत्त्वावरचे. एक तासिका म्हणजे एक 'कोमा', बहुतेक ठिकाणी ९० मिनिटांचा. आणि आपल्या सीएचबीवाल्यांनी हे जरूर वाचावं, खाजगी विद्यापीठांत बऱ्याच ठिकाणी कोमाचा पगार महिन्याला ठरलेला असतो आणि तो बाराही महिने येतो, ऑगस्टमध्ये वर्ग नसला तरी. सरकारी विद्यापीठांत मात्र सहसा घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत शून्य. मधे कंपनी असेल, म्हणजे विद्यापीठाने शिकवायचं काम कंपनीला दिलेलं आणि कंपनी तुम्हाला पाठवणार, तर तिथेही सहसा घेतलेल्या वर्गांपुरतेच. म्हणून जाहिरातीत 'विद्यापीठ' वाचून हुरळून न जाता पहिला प्रश्न हाच विचारायचा की ऑगस्टचा पगार किती.

आता कागदांचा भाग. यावर आम्ही दोन रात्री घालवल्या आणि माझ्या मते खरं काम तिथेच झालं. ताईने आधीच्या सगळ्या अर्जांत अनुभवाच्या रकान्यात 'कॉलेज, पुणे, सहा वर्षं' एवढंच लिहिलं होतं, आणि तिच्या कॉलेजच्या दाखल्यावर मोठ्या अक्षरात ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज दोन्ही. जपानमध्ये ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं, आपल्याकडे अकरावी-बारावी. वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही की ही बाई नक्की कोणाला शिकवत होती. आणि हिजोकिनच्या जाहिरातीत जवळजवळ सगळीकडे 'विद्यापीठ स्तरावर शिकवल्याचा अनुभव' असतोच, ज्याच्यामुळे नवीन माणूस दारातच अडतो. ताई सहापैकी चार वर्षं एफवाय आणि एसवायबीएला कंपल्सरी इंग्लिश शिकवत होती, म्हणजे पदवीचे वर्ग, पुणे विद्यापीठाशी संलग्न. मग प्राचार्यांना मेल करून नवीन दाखला मागवला, त्यात वर्ग, विषय, आठवड्याचे तास, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, संलग्नता, सगळं वेगवेगळं लिहून घेतलं, अकरावी-बारावीची दोन वर्षं वेगळ्या ओळीत. काही लपवलं नाही, फुगवलं नाही, फक्त वाचणाऱ्याला समजेल असं मांडलं. तीन आठवडे लागले, मधे दिवाळीची सुट्टी आली. पुण्यातल्या दोन परिषदांमध्ये तिने वाचलेले पेपर छापलेल्या पुस्तिकेत होते, तेही यादीत घातले, जपानीत एका ओळीचा सारांश देऊन.

जागा शोधायला जेआरईसी-इन हे सरकारी पोर्टल आहे, शिक्षक-संशोधकांच्या नोकऱ्यांचं, एप्रिलसाठीच्या जाहिराती बऱ्याचशा आदल्या वर्षीच्या शरदात येतात. ताईने तिथून सात अर्ज केले. दोन ठिकाणाहून नकाराचं पत्र, बाकीच्यांकडून काहीच नाही. काम झालं ते वेगळ्याच वाटेने. जाल्ट म्हणून भाषा शिक्षकांची देशभर संघटना आहे, तिच्या स्थानिक शाखांच्या बैठका होतात, ताई सप्टेंबरपासून दर महिन्याला जात होती. आधी मागे बसून ऐकायची, डिसेंबरमध्ये वीस मिनिटं बोलली: साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलतं कसं करायचं. पुण्यात तिने तेच तर केलं होतं! जपानमधल्या शिक्षकांना तीस-पस्तीस मुलांचा वर्ग मोठा वाटतो, त्यांनी खूप प्रश्न विचारले. जानेवारीच्या शेवटी त्यातल्याच एका बाईंचा मेल आला की आमच्या विद्यापीठात एक हिजोकिन अचानक सोडून जातोय, चार कोमा रिकामे आहेत, सिलॅबस भरायची मुदत जवळ आलीय, तुम्ही येऊ शकता का. जानेवारी-फेब्रुवारीत अशा ऐनवेळच्या जागा निघतात आणि त्या ओळखीतून भरतात, कारण जाहिरात द्यायला वेळच नसतो.

इंटरव्ह्यू अर्धा तास, त्यात दहा मिनिटं शिकवून दाखवायचं. हाताने लिहिलेला रिरेकिशो, म्हणजे जपानी पद्धतीचा बायोडेटा, चार बाय तीन सेंटीमीटरचा फोटो, मूळ पदवी. आणि मग चार कोमा देऊ केले, कोमाला महिना २७,०००.

आनंदात पेढे वाटायच्या आधी भावोजींनी कॅल्क्युलेटर काढला. चार कोमा म्हणजे महिना १,०८,०००. ताई भावोजींच्या कंपनीच्या विम्यावर अवलंबून म्हणून आहे, त्याला फुयो म्हणतात, आणि त्याची मर्यादा वर्षाला १३ लाख येन, म्हणजे महिन्याला १,०८,३३३. तीनशे तेहतीस येनने आत! पण या हिशोबात प्रवासभत्ताही धरतात, आणि ताईला आठवड्यातून दोन दिवस जायचं होतं, येऊन-जाऊन १,०८० येन, महिन्याला साधारण ८,६४०. गेली मर्यादेच्या बाहेर. बाहेर गेलं की राष्ट्रीय पेन्शन स्वतः भरायचं, २०२५-२६ साठी महिना १७,५१०, आणि त्यावर वॉर्डचा आरोग्य विमा वेगळा. चौथ्या कोमाचे २७,००० जवळजवळ त्यातच जाणार. ताईला चौथा वर्ग सोडणं जिवावर आलं होतं, मला मात्र भावोजींचं बरोबर वाटलं. शेवटी तीन घेतले.

आता तीन कोमांचे महिना ८१,०००, वर्षाचे ९,७२,०००, आणि जायचं किती, तर तीस आठवडे दोन दिवस, साठ दिवस, तेही अर्धे. शाळेत साधारण १०५ पूर्ण दिवस जाऊन ११,५५,००० मिळत होते. पैसे कमी झाले हे खरं आहे, ते नाकारत नाही. वर्गाबाहेरचं कामही आहे, १५ आठवड्यांचा सिलॅबस, निबंध तपासणं, ऑगस्टच्या सुरुवातीला मार्क भरताना तीन रात्री जागरण. वर्ग बुडाला तर भरून द्यावा लागतो, आणि १५ आठवडे पूर्ण व्हावेत म्हणून जुलैतल्या समुद्र दिनाच्या सरकारी सुट्टीलाही वर्ग असतो, मुलगा घरी आणि ताई कॉलेजात. शिवाय कंत्राट एकेका वर्षाचं, पुढच्या वर्षी कोमा मिळतीलच असं कोणी लिहून देत नाही.

पण २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टची होती. ताईने ५ ऑगस्टला मार्क भरले, ओबोनची गर्दी ओसरल्यावर १८ तारखेला निघाली, विमानतळावर परत येण्याच्या रकान्यात खूण केली (ही खूण विसरलात तर झायऱ्यू कार्डचं सगळंच अवघड होतं), मुंबईहून गोव्यातला मोपा विमानतळ, तिथून गाडीने तासाभरात घर. पाठोपाठ भावोजी आले. माटोळी या वेळी तिने स्वतः बांधली, मुलाला खांद्यावर घेऊन भावोजींनी कवंडळं आणि नारळ लटकवले, सुपारीची शिपटी, मधे आंब्याचे टाळे, आणि कांगल्यांची फळं मावशीने शेजाऱ्याला रानात पाठवून आणवली होती. मला फोटो आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मुलाची शाळा १ सप्टेंबरला सुरू होत होती म्हणून भावोजी त्याला घेऊन ३० ला परतले, गाकुदोत, म्हणजे शाळा सुटल्यावरच्या पाळणाघरात, त्याचं नाव घातलेलं होतंच. ताई २ तारखेच्या गौरी विसर्जनापर्यंत थांबली आणि १० ला आली. ऑगस्टचा पगार नेहमीच्या तारखेला जमा झाला होता, ८१,०००, तिने मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं.

२०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरची आहे. मुलगा येऊ शकणार नाही, दोन आठवडे शाळा बुडवायची नाही असं त्याच्या वर्गशिक्षकांशी बोलून ठरलंय, ताई एकटी जाईल आणि दीड दिवसाचा करून लगेच फिरेल. मावशीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली की दीड दिवस तर दीड दिवस, पाट मी आताच काढून ठेवते.